मेलेले पिल्लू वाहून नेणाऱ्या ऑर्का मादीच्या वागण्याला ‘शोक’ म्हणावे का?

भरतीओहोटी
नमस्कार. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील सॅलिश समुद्रात वावरणाऱ्या जे३५ (हा संशोधकांच्या यादीतला क्रमांक), ऊर्फ ताहलेक्वा, या ऑर्का (किलर व्हेल) मादीविषयी येथे अनेकांनी वाचले असेल. २४ जुलै २०१८ रोजी तिला झालेले पिल्लू जन्मानंतर थोड्याच वेळात गेले आणि पुढे १७ दिवस, सुमारे १६०० किलोमीटर, ती ते डोक्यावर तोलून वाहत राहिली. डिसेंबर २०२४मध्ये तिला पुन्हा एक मादी पिल्लू झाले, तेही वर्ष सरता सरता गेले, आणि १ जानेवारी २०२५ रोजी ती पुन्हा तशाच अवस्थेत दिसली. ही दुसरी बातमी वाचताना मला रडू आवरले नाही. परंतु माझ्या रडण्यावरून तिच्या मनातले काही सिद्ध होत नाही, हेही मला कळते. काही संशोधक याला सरळ ‘शोक’ म्हणतात, तर काही जण ‘मृत सजातीयांविषयीचे वर्तन’ एवढेच लिहून थांबतात. नेमका मतभेद कशावर आहे?

खोलपाणी
आधी या वर्तनाचे मूळ पाहू. देवमासे आणि डॉल्फिन यांना श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते (ऑर्का हा डॉल्फिनांच्याच कुळातला), म्हणून पिल्लू अशक्त असेल तर आई त्याला खालून वर ढकलत राहते. पिल्लू गेल्यानंतरचे पहिले काही तास ती हेच करत असेल, तर त्यात नवल नाही. अडचण पुढच्या दिवसांची आहे. नवजात ऑर्काच्या कातडीखाली चरबीचा थर पातळ असतो, त्यामुळे मृतदेह तरंगत नाही, बुडतो. ताहलेक्वाच्या डोक्यावरून तो निसटला की ती खोल बुडी मारून तो परत वर आणत असे. हे एकदा घडले नाही, ते दिवसेंदिवस, प्रवाहाशी झगडत, स्वतःचे भक्ष्य शोधण्याच्या वेळेला कात्री लावून घडले.

ती एकटीही नव्हती. पहिल्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास सॅन वॉन बेटाजवळच्या एका लहान खाडीच्या तोंडाशी पाच-सहा माद्या एकमेकींना खेटून वर्तुळात फिरत असल्याचे किनाऱ्यावरील रहिवाशाने पाहिले, आणि त्या जवळजवळ दोन तास तेथेच होत्या. याचा अर्थ काय, हे सांगणे कठीण आहे. मात्र त्या वेळी त्या शिकार करत नव्हत्या, हे लक्षात घ्यावे.

अशा नोंदी एकट्या तिच्याच नाहीत. जोव्हान्नी बेआर्झी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली जगभरातील ७८ नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा त्या २० प्रजातींच्या निघाल्या. बहुतांश डॉल्फिन कुळातल्या होत्या आणि मृताजवळ थांबणाऱ्यांत माद्या, तेही पिल्लांजवळ, सर्वाधिक होत्या.

गोठ्यातला
वरील माहितीबद्दल आभार, पण एक शंका मांडतो. आमच्याकडे पूर्वी वासरू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवत, आणि गाय ते चाटत चाटत पान्हा सोडत असे. म्हणजे मृत्यू झाल्याचे न उमगताही आईचे शरीर आपले काम करत राहते. ऑर्काच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडत नसेल कशावरून?

खोलपाणी
उदाहरण अगदी योग्य आहे, आणि सावध अभ्यासकांचा आक्षेप नेमका हाच असतो. परंतु येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात: मृत्यू म्हणजे काय हे तिला कळते का, आणि पिल्लू हरवल्याचे तिला दुखते का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी दुसऱ्याचे ‘हो’ असू शकते. तुमच्या गाईचे वासरू तिच्यापासून कायमचे तोडले, तर ती रात्रभर हंबरते आणि चारा टाकते. त्या हंबरण्याला आपण केवळ शरीराची सवय म्हणत नाही. मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा किंग यांनी शोकाची जी कसोटी सुचवली आहे, तीही मृत्यूच्या कल्पनेवर उभी नाही: जिवलग गेल्यावर मागे राहिलेल्या प्राण्याचे खाणे, झोपणे, कळपात मिसळणे ठळकपणे बदलले का, एवढेच ती विचारते. माझ्या मते ताहलेक्वाचे १७ दिवस त्या कसोटीला उतरतात. ऑर्काच्या मेंदूत माणसाप्रमाणे विशिष्ट लांबट चेतापेशी सापडल्या आहेत आणि त्यांचा संबंध भावनांशी जोडला जातो, हा पुरावा मात्र मी पुढे करणार नाही. पेशीवरून भावना वाचता येत नाही.

नदीमुख
शब्दाचा वाद महत्त्वाचा आहेच, पण पिल्ले का जातात तेही येथे यावे असे तीव्रतेने वाटते. दक्षिणेकडील निवासी ऑर्का म्हणून ओळखली जाणारी ही टोळी आता ७० ते ७५ जीवांची उरली आहे आणि तिचे मुख्य अन्न चिनूक जातीचा सामन मासा आहे. नद्यांवरील धरणे, बिघडलेली विणीची पात्रे आणि अतिमासेमारी यांमुळे तो कमी झाला. सॅम वासर यांच्या चमूने २००८ ते २०१४ या काळात, वासावर शिकवलेल्या कुत्र्यांना होडीत बसवून, या ऑर्कांची विष्ठा गोळा केली आणि तिच्यातील संप्रेरकांवरून गर्भधारणा ओळखल्या. ओळखलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत अपयशी ठरल्या आणि उपासमारीशी त्यांचा संबंध दिसला. गर्भ सुमारे दीड वर्ष वाहायचा, त्यात उपाशी आईची चरबी वितळली की तीत साठलेली औद्योगिक विषे रक्तात उतरतात. बातम्यांतील छायाचित्रांवर हळहळणाऱ्यांनी हाही भाग वाचावा, अशी विनंती.

भरतीओहोटी
सर्वांचे मनापासून आभार. गाईचे उदाहरण माझ्या मनात बराच काळ राहील. एकच विचारायचे राहिले: तिची दुसरी पिल्ले आहेत का?

नदीमुख
आहेत. २०१० साली जन्मलेला जे४७ आणि सप्टेंबर २०२०मध्ये, म्हणजे त्या १७ दिवसांनंतर दोन वर्षांनी, झालेला जे५७. दोन्ही नर आहेत, आणि या टोळीतले नर आयुष्यभर आईसोबतच पोहतात.