विंडोज सुधारणार म्हणतात, पण मोजायचं कशाने?

खिडकीबंद:
विंडोज 11 बद्दल 'आता दर्जाकडे लक्ष देणार' हे मायक्रोसॉफ्टकडून पुन्हा ऐकू येतंय. 2015 मध्ये कंपनीच्याच एका माणसाने जाहीर कार्यक्रमात विंडोज 10 ही शेवटची आवृत्ती म्हटली होती. 2021 च्या ऑक्टोबरात 11 हजर, आणि 14 ऑक्टोबर 2025 ला 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद. तेव्हा शब्दावर भिस्त नाही. खरी दुरुस्ती कुठली आणि रंगरंगोटी कुठली, हे आपल्या मशिनवर ओळखायचं कसं? तोवर 11 प्रोवर अपडेट कसे घ्यायचे?

जुनाखोड:
काय करणार म्हणाले ते सोडा, काय थांबवलं ते बघा. जानेवारी 2002 मध्ये बिल गेट्सनी सुरक्षेला पहिलं स्थान द्या असं पत्र काढलं. पाठोपाठ विंडोजचं नवं काम खरंच थांबवलं आणि डेव्हलपरना सुरक्षित कोडचं प्रशिक्षण दिलं. ऑगस्ट 2004 चा एक्सपी सर्व्हिस पॅक 2 त्याच वळणावरचा, फायरवॉल मुळातच चालू असलेला. एक्सपीनंतरची आवृत्ती व्हिस्टा लांबली, पण शब्द पाळला.

आता रिकॉल घ्या, म्हणजे स्क्रीनचे फोटो सतत टिपून नंतर शोधू देणारी सोय. मे 2024 मध्ये घोषणा, लगेच लोकांनी दाखवून दिलं की स्क्रीनच्या नोंदी साध्या, कुलूप नसलेल्या एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमध्ये उघड्या पडताहेत. जूनमध्ये माघार, आणि एप्रिल 2025 मध्ये परत आलं ते आपण होऊन चालू केलं तरच चालणारं, विंडोज हॅलोच्या (चेहरा, बोट किंवा पिनने ओळख पटवण्याच्या) कुलपामागे. सुधारलं, नाही म्हणत नाही, पण बोंब झाल्यावर. टास्कबारवरची नावं सुटी दाखवायची सोय 23एच2 ला (11 च्या 2023 च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीला) 'आली'. ती 10 मध्ये होतीच. परत दिलेली वस्तू मी सुधारणेच्या खात्यात धरत नाही.

पॅचमंगळवार:
खिडकीबंद, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. महिन्याच्या उत्तरार्धात येणारे ऐच्छिक प्रिव्ह्यू घेऊ नका. पुढच्या महिन्याच्या दुरुस्त्यांची ती तालीम असते. विंडोज अपडेटच्या पानावर 'उपलब्ध होताच लगेच मिळवा' असा स्विच आहे, तो बंद ठेवा.

प्रो आहे तर ग्रुप पॉलिसीत (प्रोमधल्या सविस्तर सेटिंगच्या खिडकीत) विंडोज अपडेटखाली क्वालिटी अपडेट, म्हणजे हे दरमहाचे अपडेट, 7 दिवस पुढे ढकला. 30 पर्यंत जाता येतं, पण जाऊ नका: मंगळवारी भोकं जाहीर झाली की हल्लेखोरही तीच यादी वाचतात. तिथेच टार्गेट व्हर्जन, म्हणजे कुठल्या आवृत्तीवर थांबायचं ते, लिहून ठेवलं की मोठी आवृत्ती आपोआप चढत नाही. लोक इथे फसतात ते असे, की लिहून विसरतात आणि त्या आवृत्तीची मुदत संपून जाते.

आणि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, आधी कागदावर उतरवा. जुलै 2024 च्या अपडेटनंतर काही मशिन बूट होतानाच ती मागत होती. 24एच2 कोरं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं तर एन्क्रिप्शन बहुधा न विचारताच चालू होतं, म्हणजे 'मी कधी लावलंच नाही' हे उत्तर चालत नाही.

खिडकीबंद:
दोन मशिन, दोन्हीवर तोच बिल्ड नंबर, पण नवा स्टार्ट मेनू एकावरच. हे काय?

निळीपाटी:
टप्प्याटप्प्याने सोडतात. कोड दोन्हीकडे उतरलेला असतो, स्विच कंपनीच्या सर्व्हरवरून पडतो. म्हणून 'अपडेट घेतला, काही बिघडलं नाही' हे प्रमाणपत्र त्या दिवसापुरतंच.

मोजायला रिलायबिलिटी मॉनिटर वापरा, विंडोजमध्येच असलेली बिघाडांची रोजनिशी. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधलं की सापडतो. वरचा 1 ते 10 गुणांचा आलेख सोडून द्या, एखादं भिकार ॲप सारखं कोसळलं तरी तो पडतो. 'विंडोज फेल्युअर्स'ची ओळ तेवढी बघा. लाल फुलीच्या दिवशी खालच्या माहितीच्या ओळीत ड्रायव्हर बसलेला दिसला तर आधी तो मागे घ्या, मग विंडोजला शिव्या द्या.

जुनाखोड, एक भर. विंडोज 10 च्या ऑक्टोबर 2018 मधल्या 1809 या आवृत्तीने लोकांच्या फायली उडवल्या. डॉक्युमेंट्ससारखं फोल्डर दुसरीकडे वळवलेलं असेल आणि जुन्या जागी फायली राहिल्या असतील, तर ती जुनी जागा रिकामी समजून पुसली जायची. फीडबॅक हबवर (विंडोजच्या तक्रारी कळवायच्या ॲपवर) तक्रारी आधीच होत्या, पण मतं कमी म्हणून त्या खाली गाडल्या गेल्या. त्यानंतर तिथे नुकसान किती गंभीर ते नोंदवायची सोय आली. तेव्हा तक्रार टाकताना तो रकाना भराच.