मदत हवी आहे: वॅगन आरचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलतोय, पण डावीकडचा आतला पॅड एवढा का झिजला?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची वॅगन आर, पेट्रोल. आम्ही वाईला राहतो, बायको पाचगणीच्या शाळेत शिकवते. गाडी बहुतेक तीच चालवते, म्हणजे आठवड्यातले सहा दिवस पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. अंतर बारा-तेरा किलोमीटरच, पण खाली येताना गाडी पाचशे मीटरांहून जास्त उतरते. हे आधीच सांगतो, कारण सपाटीवरच्या गाडीपेक्षा आमच्या ब्रेकना पडणारं काम वेगळं आहे.

पंधरा दिवसांपासून ब्रेक दाबला की डाव्या पुढच्या चाकातून बारीक किरकिर येत होती. गेल्या गुरुवारी ती घरी आली तेव्हा त्याच चाकाजवळ करपल्यासारखा वास होता. म्हणून आज सकाळी चाक काढलं. अंगणात फरशी सपाट आहे. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, नट चाक जमिनीवर असतानाच ढिले केले आणि मग जॅक चढवला. शेजारच्या काकांकडून जॅक स्टँड आणलंय, शिवाय काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवलंय.

कॅलिपरचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवला आणि पॅड बाहेर घेतले. मागची लोखंडी पट्टी सोडून नुसतं मटेरियल मोजलं. डावीकडे बाहेरचा पॅड ६ मिमी, आतला जेमतेम २. उजवीकडचंही चाक उघडलं, तिथे दोन्ही ५ च्या आसपास. डावीकडच्या आतल्या पॅडवरची पत्र्याची जीभ डिस्कला टेकायला लागली होती, किरकिर तिचीच.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये पॅड बदलले होते. तेव्हा मी समोर उभा होतो. जुने काढले, नवे बसवले, बाकी कशाला हात लावला नाही. आता दुसऱ्या एकाने फोनवरच सांगितलं की पॅड, डिस्क, कॅलिपर सगळं नवं टाका. पैसे लागले तर घालीन, पण कारण कळल्याशिवाय नाही.

तर विचारायचं असं: एकाच चाकातले दोन पॅड इतके वेगळे का झिजतात? फक्त डावीकडचे बदलले तर चालेल का? डिस्कवर हलक्या रेघा आहेत, नख फिरवलं तर अडकत नाही, फेसिंग (लेथवर घासून सपाट करणं) करावं लागेल का? आणि घाटासाठी पॅड कोणते घ्यावेत? दुकानात डब्यातले आणि सुटे असे दोन्ही दाखवले, किमतीत जवळपास दुपटीचा फरक आहे. माहितगारांनी कृपया सांगावं. काम अर्धवट सोडून बसलोय.

जुना पाना:

पहिली गोष्ट, काम पूर्ण होईपर्यंत वहिनींना एसटीने जाऊ द्या. २ मिमीचा पॅड घाटात नेऊ नका. मटेरियल ३ मिमीवर आलं की पॅड संपला असं धरायचं.

आता कारण. तुमच्या गाडीत पिस्टन (ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या) एकच असतो आणि तो आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या उलट रेट्याने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना अडकल्या तर कॅलिपर सरकत नाही, सगळी मेहनत आतल्या पॅडवर पडते. पिस्टन नीट मागे जात नसेल तरीही आतलाच आधी जातो, कारण तो डिस्कला घासतच राहतो. म्हणून दोन्ही तपासा.

पिना हाताने आत-बाहेर करून बघा. दोन बोटांनी सरकल्या पाहिजेत. पिनेवरची रबरी टोपी फाटली असेल तर पावसाचं पाणी आत जातं, ग्रीस धुतलं जातं आणि पिन गंजते. आपल्याकडे पावसाळ्यात घाटात जेवढं पाणी उडतं त्यात फार दिवस लागत नाहीत. वरची आणि खालची पिन काही वेळा वेगळी असते, एकीवर रबराची नळी असते. काढताना अदलाबदल करू नका.

पिस्टनसाठी जुना पॅड त्यावर ठेवून सी क्लॅम्पने सावकाश दाबा. त्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघा. पिस्टन आत गेला की ऑइल वर चढतं, टाकी भरलेली असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या. रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवा. पिस्टन एकसारखा आत गेला तर तो चांगला आहे. खूप जोर लागला, अडकत गेला किंवा भोवतीच्या रबराखालून ओल दिसली तर तिथेच थांबा आणि कॅलिपर जाणत्या माणसाकडे द्या. कॅलिपर नुसत्या होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा.

ग्रीसबद्दल मनापासून सांगतो, घरातलं साधं ग्रीस पिनांना लावू नका. त्याने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पुन्हा हेच दुखणं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, तेच आणा. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला कसलाही तेलकट हात नको. धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ छातीत जाऊ नये.

खंबाटकी:

पॅडचं मी सांगतो, मीही रोज घाटातलाच. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी, एकाच डब्यातले. एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने ठेवले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढू शकते, आणि वळणावर ते परवडणारं नाही.

सुटे घेऊ नका. त्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना बॅच नंबर. मारुतीचे मूळ पॅड घ्या, नाहीतर बॉश, टीव्हीएस गर्लिंग यांच्यासारखे डब्यातले. दुकानदाराला चॅसी नंबर सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत साल आणि मॉडेलप्रमाणे पॅडचा आकार बदलतो. जुना पॅड नव्यावर ठेवून पाहूनच पैसे द्या. जास्त तापमानाचे म्हणून विकले जाणारे शर्यतीचे पॅड रोजच्या गाडीला नकोत. ते तापल्यावर पकडतात आणि सकाळच्या पहिल्याच ब्रेकला तुम्हाला पकड हवी असते.

रेघांना नख अडकत नसेल आणि पेडल थरथरत नसेल तर फेसिंग कशाला? मात्र डिस्कची जाडी मोजा. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, गंज खरवडला की दिसतो.

आणि उतरताना गिअर कोणता असतो? ज्या गिअरवर घाट चढता, त्याच गिअरवर उतरायचं. पेडलवर पाय ठेवून उतरलात तर कुठलाही पॅड पुरणार नाही.

कृष्णाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. डावीकडची खालची पिन हलतच नव्हती. पान्याने फिरवत फिरवत बाहेर काढली तर अर्धी लांबी तांबूस, आणि टोपीला चीर. वरची ठीक होती. पिस्टन मात्र लोण्यासारखा आत गेला. साताऱ्याहून पिना-टोप्यांचा संच, डब्यातले पॅड आणि सिलिकॉन ग्रीस आणलं, दोन्ही बाजूंचं करून टाकलं. क्लिपाही नव्या घातल्या. डिस्कची जाडी किमान आकड्याच्या वर भरली, तिला हात लावला नाही.

गाडी सुरू करून पेडल दाबलं तर पहिल्यांदा थेट तळाला गेलं, छातीत धस्स झालं. चार-पाचदा दाबल्यावर घट्ट झालं.

बायको तिसऱ्या गिअरवर उतरत होती, आता दुसरा. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट दिसतंय, कधी बदललं ते आठवत नाही. टाकीच्या झाकणावर डॉट ३ (ब्रेक ऑइलचा दर्जा) लिहिलंय, दुकानात डॉट ४ सुचवतात. चालेल का?

जुना पाना:

पेडलचं तसंच होतं. पिस्टन मागे ढकललेला असतो, तो पॅडपर्यंत परत यायला तेवढे दाब लागतात. म्हणून पेडल घट्ट झाल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही.

डॉट ४ चालेल, दोन्ही एकाच जातीची आहेत. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, ओल धरलेलं डॉट ३ १४० अंशांनाही उकळू शकतं आणि तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ झाली की पेडल मऊ पडतं. घाटाच्या गाडीला दर दोन वर्षांनी बदला. फक्त डॉट ५ घालू नका, ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या गाडीसाठी नाही. ऑइल बदलताना नळ्यांतली हवा काढायचं काम मात्र पहिल्यांदा कुणाला तरी सोबत घेऊन करा. एकाने पेडल दाबायचं, एकाने कॅलिपरवरचं निपल (हवा-ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडायचं.

नवे पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात दाबू नका, डिस्कवर बसायला वेळ लागतो. शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा आवळा.

कृष्णाकाठ:

ऑइल शनिवारी करतो, काका येणार आहेत मदतीला. आज घाट उतरून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन पाहिला, रिमला न लावता. ऊब दोन्हीकडे सारखी होती.