केंदाळातली मरळ, कयाक आणि बंधाऱ्याचं पाणी: मदत हवी आहे

बगळा_४१६

नमस्कार मंडळी,

पंचगंगेवर शिरोळच्या बाजूला एका को. प. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मरळ माशासाठी कयाक (वल्ह्याची छोटी होडी) घालतोय. (नेमकी जागा विचारू नका. गळवाल्याला जागा आणि नोकरदाराला पगार विचारू नये.) पूर्वी काठावरूनच काम व्हायचं, पण आता काठाला केंदाळाचा (जलपर्णीचा) पट्टा इतका रुंद झालाय की गळाचा रबरी बेडूक मोकळ्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून हा खटाटोप. कयाक टणक प्लास्टिकची, वर बसायची. रॉड सात फुटी मीडियम हेवी, ब्रेड दोरी 40 पौंडी, पुढं पोकळ रबरी बेडूक.

अडचण अशी, की शिकलो ते सगळं अमेरिकेतल्या व्हिडिओंवरून. तिकडं वॉशिंग्टनच्या खाली पोटोमॅक नदीला भरती-ओहोटी असते, बाजूच्या खाड्यांत गवत माजलेलं, आणि त्याच गवतात बास मासा आणि आपल्या मरळीचं भावंड, नॉर्दर्न स्नेकहेड. ती माणसं घड्याळ बघून निघतात. भरतीला मासा गवतात आत घुसतो, ओहोटी लागली की गवताच्या कडेला आणि ओहोळाच्या तोंडाशी येऊन थांबतो. मग तिथंच बेडूक टाकायचा.

आपल्याकडं बास नाही आणि भरतीचा तर प्रश्नच नाही. पण पाणी चढ-उतार करतं की! वरून धरणाचं पाणी सोडलं की बंधाऱ्यावर चढतं, शेतीपंपांची वीज आली की वीतभर उतरतं. हा हिशोब मरळीला लावता येतो का? पाणी उतरताना ओढ्याच्या तोंडाशी थांबावं, की उगाच वेळ जाईल?

दुसरं, मासा टिकत नाही. केंदाळाच्या भोकात मरळ वर येऊन हवा घेते, बुडबुडे दिसतात. बेडूक त्यावरनं ओढला की पाणी फुगतं, दणका बसतो, मी रॉड मारतो, आणि बेडूक कानाजवळून परत येतो. काठावर उभं राहून असं होत नव्हतं. बसून मारल्यामुळं जोर कमी पडतोय, की आणखी काही?

आणि व्हिडिओत पिलांच्या गोळ्यावर बेडूक टाकतात, राखणीची जोडी चिडून मारते. इथं ते करावं का?

खंड्या

एकेक घेऊ.

पोटोमॅकचा हिशोब इथं तसाच्या तसा चालणार नाही, कारण तिकडचं गवत तळात रुजलेलं आहे. पाणी उतरलं की गवताच्या डोक्यावर जागा राहत नाही, माशाला बाहेर यावंच लागतं. केंदाळ तरंगतं. पाणी वर तर तेही वर, पाणी खाली तर तेही खाली, मासा त्याच सावलीत निवांत. फरक पडतो तो फक्त काठाच्या उथळ भागात. तिथं पाणी वीतभर उतरलं तरी केंदाळ चिखलावर बसतं, खालची पोकळी जाते आणि मरळ सरकून बाहेरच्या कडेला येते. त्यामुळं ओढ्याचं तोंड वाईट नाही, पण केंदाळ चिखलाला टेकलेलं असेल तरच.

तुम्ही पाण्यापेक्षा वाऱ्याकडं बघा. वारा सुटला की केंदाळाचे तराफेच्या तराफे एका काठाला जाऊन दाटतात. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, आणि दाटलेल्या पट्ट्यात भोकं मोजकीच उरतात. तिथं रॉड खाली ठेवून आधी नुसतं बघत बसा. बुडबुडे कुठल्या भोकात येतात ते कळलं की बेडूक त्याच्या पलीकडं, केंदाळावर टाका आणि सावकाश भोकात उतरवा. थेट भोकात आदळू नका.

मासा सुटतो त्याचं कारण दोरीचा झोल. दणका ऐकू आला म्हणून मारायचं नाही. आधी झोल रीलवर गोळा करा, वजन हाताला लागू द्या, मग मारा. कयाक तरंगती असल्यानं निम्मा जोर तिला पुढं ओढण्यात जातो. उथळात चिव्याची काठी चिखलात रोवून कयाक तिला बांधा, मग बघा. बेडकाचे दोन्ही गळ पक्कडीनं बाहेरच्या बाजूला किंचित उघडा, आणि पोटात शिरलेलं पाणी अधनंमधनं दाबून काढा.

पिलांचं मात्र सोडा राव. तिकडं ही स्नेकहेड उपरी आहे. 2002 साली मेरीलँडमध्ये क्रॉफ्टनच्या तळ्यात सापडली, 2004 मध्ये पोटोमॅकमध्ये. धरली तर मारा, असंच तिथलं सरकार सांगतं. इथं आपली मरळ घरची. पावसाळ्यात तांबूस पिलांचा गोळा वरखाली होताना दिसला की वल्हं दुसरीकडं वळवा. आईबाप उचलले की बाकीचे मासे पिलं फस्त करतात.

कृष्णाकाठचा

मासा राहू दे, आधी जिवाचं बघा. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेल्या गाळ्याकडं पाणी जबर ओढतं, कयाक आडवी होऊन खांबांना चिकटली तर माणूस पाण्याखाली जातो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी पडतं तिथं तर जाऊच नका, ते पाणी माणसाला फिरवून फिरवून परत आत घेतं. पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवणारे लय बघितलेत. केंदाळाच्या मुळ्यांत पाय अडकल्यावर पोहणं कामाला येत नाही.

नरसोबाच्या वाडीच्या संगमाकडं, कृष्णेच्या अंगाला जाणार असाल तर मगरी आहेत. पाय पाण्यात सोडून बसायचं नाही, धरलेला मासा दोरीला लावून कयाकला लटकवायचा नाही. आणि पाणी काळं, वास मारणारं असेल तर मासा सोडून द्या, कालवण करू नका. मरळ वरची हवा घेते, त्यामुळं बाकीचे मासे मरतात तिथंही ती तगते. ती जिवंत आहे म्हणून पाणी बरं आहे असं नाही.

बगळा_४१६

खंड्यादादा, केंदाळ तरंगतं ही गोष्ट डोक्यातच आली नव्हती. बरगे निघायच्या आत वाऱ्याचा दिवस बघून जातो. चिवा कयाकला बांधायचा कुठं, मधे की टोकाला?

खंड्या

टोकाला. मधे बांधलीत तर पाण्याची ओढ लागल्यावर आडवी होऊन उलटते. गाठ एका हिसक्यात सुटणारी ठेवा आणि सुरी छातीशी, हाताला लागेल अशी. वारा फिरला तर केंदाळ मागनं येऊन वाट बंद करतं, म्हणून वाऱ्याच्या अंगाला मोकळं पाणी ठेवूनच काठी रोवा.