कोयनेचा धक्का, वारणेचा धक्का: फॉल्ट एकच का वेगवेगळे?

घाटावरचा_पोरगा:
परवा गावी होतो, पाटण तालुक्यात. रात्री जेवण आटपून पडवीत बसलेलो, आधी लांब कुठंतरी सुरुंग उडाल्यासारखं धडाम झालं आणि लगेच मांडणीतली ताटं खणखणली, दोन-तीन सेकंद, बस्स. आजी तांदूळ निवडत होती, "आला बघ" म्हणाली आणि परत निवडायला लागली. नंतर बातमीत बघितलं तर तीन पॉइंट काहीतरी आणि केंद्रबिंदू वारणा खोऱ्यात. मग हा कोयनेचा भूकंप कसा? १९६७ च्या मोठ्या भूकंपाचा फॉल्ट, म्हणजे जमिनीखालची भेग, तीच का? आणि मामा म्हणतो बारके धक्के येतायत तेच बरंय, जोर मोकळा होतो. खरंय का हे?

खडकफोड्या:
एक फॉल्ट नाही रे, जाळं आहे. ६७ चा ६.३ चा (११ डिसेंबर, पहाटे ४.२१) झाला डोणीचावाडा फॉल्टवर, तो साधारण उत्तर-दक्षिण पण जरा तिरका आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकतात. वारणेकडचे फॉल्ट वायव्येकडून आग्नेयेला जातात, तिथं एक बाजू खाली खचते.

आता हे कळलं कसं, तर बरंचसं ४-५ च्या धक्क्यांवरून. वर जवळपास किलोमीटरभर काळा बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइट, आणि धक्के त्या ग्रॅनाइटमध्ये, वरून भेग दिसणार कुठून! ६ च्या वरचा तिथं नोंदीत एकच आहे, एकदम बारीक धक्के सगळीकडं पसरलेले असतात, पण ५ चा झाला की मागून आफ्टरशॉक येत राहतात, त्यांची टिंबं नकाशावर टाकत गेलं की एक रेघ उमटते, तो फॉल्ट. आणि मध्येच टिंबं भलत्याच रेघेवर पडायला लागली की समजायचं शेजारच्या फॉल्टलाही हलवलं. वारणा धरणात १९८५ पासून पाणी अडवलं, १९९३ ला ते भरत आलं आणि त्याच डिसेंबरात आणि ९४ च्या फेब्रुवारीत तिकडं ५ च्या वरचे दोन झाले. तोवर गर्दी सगळी कोयनेजवळ होती.

कराडकर_७१:
मामांचं म्हणणं लई जण म्हणतात पण हिशोब बसत नाही. एक आकडा वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट. म्हणजे ६.३ चा जोर ३.३ च्या धक्क्यांनी काढायचा तर तसले तीस हजारांवर लागतील. आणि जोर मोकळा होतो म्हणजे जातो कुठं? सुंभाची बाज विणलेली बघितली असेल, एक पदर सैल पडला की त्याची ओढ शेजारच्यावर जाते. तसंच. काही फॉल्ट निवांत होतात, काहींवर भार वाढतो.

नवीन_सभासद:
पण शेवटी हे सगळं धरणामुळंच ना? सरळ सांगा की.

खडकफोड्या:
भेगा आधीपासूनच होत्या, ताणही होता. धरणाचं पाणी फटीतून खाली मुरतं, तिथला दाब वाढतो, मग घट्ट बसलेली बाजू सुटते. धरणानं भेग बनवली नाही, चाप ओढला असं म्हण फार तर. खाली जाऊन बघायचं म्हणून तर कोयनेच्या भागातल्या गोठणे गावात ३ किमी खोल बोअर मारलं, २०१७ ला पूर्ण झालं. कराडला त्यासाठी लॅबच आहे.

घाटावरचा_पोरगा:
भारी, नीट कळलं. मामाला तीस हजाराचा आकडा सांगितला, तो गप्पच. आणि मांडणी भिंतीला तारेनं बांधून टाकली, वरच्या फळीवरचे पितळेचे हंडे खाली काढले. आजी म्हणते ६७ ला पण आवाज आधी ह्याच अंगानं आलेला. कुठलं अंग विचारलं तर एकदा नदीकडं हात करते, एकदा डोंगराकडं. रविवारी परत विचारतो.