वाघाच्या शेजारी मुक्काम : 'इको' पाटीमागे तुम्हाला काय दिसलं?

सुट्ट्यांची आखणी सुरू झाली की 'ताडोब्याला कुठे उतरावं' हा प्रश्न हमखास येतो. उत्तरं येतात ती खोली, जेवण आणि 'वाघ दिसला का' एवढ्यावर. इथे जरा वेगळं लिहाल का?

पर्यावरणस्नेही असल्याचा दावा आता जंगलालगतचं जवळजवळ प्रत्येक रिसॉर्ट करतं. त्या दाव्यामागे प्रत्यक्षात काय होतं ते सांगा. पाणी कुठून येत होतं, सांडपाणी कुठे जात होतं, रात्री दिवे कसे होते, ताटात वाढणारी माणसं कुठल्या गावची होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं कोअर, म्हणजे आतला राखीव गाभा, सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं आणि भोवतालचा पट्टा, म्हणजे बफर, अकराशेचं. बफरमध्ये गावं, धानाची शेतं, गुरं आणि वाघ सगळे एकत्र नांदतात, आणि आपला मुक्कामही बहुधा याच पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला असतो. राज्यात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. वाघ वाढले तसे पाहुणेही वाढले. म्हणून आपण कुठे आणि कसे राहतो याला महत्त्व आहे असं मला मनापासून वाटतं. पेंच, कान्हा, मेळघाट, कुठलेही अनुभव चालतील. लहान-मोठे, कडू-गोड, सगळे लिहा.

पुण्याहून

मे महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन ताडोब्याच्या मोहर्लीला जातोय म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी विरोध केला होता. चंद्रपूरचा पारा त्या आठवड्यात ४६ च्या आसपास होता. त्यात आम्ही निवडलेल्या ठिकाणी एसी नाही, हे कळल्यावर सासरे दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होते.

खोली मातीची होती. भिंती हातभर जाड, वर कौलं, कौलांखाली बांबूच्या तट्ट्या आणि पुढे खोल पडवी. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर होता. भिंतीला हात लावून पाहिला तर भर दुपारी गार. गिलाव्यात कालवलेल्या तणसाच्या काड्या जवळून दिसत होत्या, मधूनच एखादी काडी वर आलेली. जेवण झाल्यावर सासरे जे झोपले ते चहालाच उठले.

न्हाणीघरात साबण-शाम्पूच्या प्लास्टिकच्या बाटल्या नव्हत्या, चिनीमातीच्या लहान बरण्या होत्या. चादरी सांगितल्याशिवाय बदलत नव्हते. पाण्याची बाटली विकत मिळत नव्हती, पडवीतल्या माठातून आपापली भरून घ्यायची. जेवणात आंबाडीची भाजी, भाकरी, जवसाची चटणी आणि एका रात्री पाटवडीचा रस्सा. सासूबाई मूळच्या वर्ध्याच्या. रस्सा तोंडात टाकला आणि ताट तसंच ठेवून थेट स्वयंपाकघरात गेल्या, तिथल्या मावशींशी मसाल्याबद्दल बोलायला. त्या मावशी शेजारच्याच गावच्या होत्या. कोणी तारांकित हॉटेलातला आचारी आणला असता तर हे बोलणं झालंच नसतं.

वाघीण दिसली, तेलिया तलावाच्या बाजूला. पण त्याबद्दल इथे पुष्कळ जण लिहितील.

गोंदियाहून

आम्हाला ताडोब्यापेक्षा कान्हा सोयीचं पडतं. बालाघाट, बैहर, मुक्की असा रस्ता. मुक्कीकडे जिथे राहिलो तिथल्या निसर्गतज्ज्ञाने संध्याकाळी पाहुण्यांना वाघाऐवजी बारशिंग्याबद्दल सांगितलं. कठीण जमिनीवर राहणारा हा बारशिंगा १९७० च्या सुमारास कान्ह्यात अवघा ६६ उरला होता आणि तिथूनच तो पुन्हा वाढवला गेला. दुसऱ्या दिवशी कुरणात धुक्यातून शिंगं दिसायला लागली तेव्हा आमच्या गाडीतल्या एकानेही 'वाघाकडे चला' म्हटलं नाही. असं सांगणारा माणूस नेमणं हासुद्धा त्या लॉजचा पर्यावरणस्नेहच आहे.

मोहर्ली भागातला एक गाईड

पुण्याच्या ताईंनी स्वयंपाकघरातल्या मावशींबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं. मी बफरमधल्या गावचा. आधी रिसॉर्टमध्ये वेटर होतो, मग वनविभागाचं प्रशिक्षण घेऊन गाईड झालो. दोन्हीकडून पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

पाहुणे सोलर पॅनल पाहतात. मी आधी स्वयंपाकघराच्या मागे जाऊन पाहतो. उष्टं उघड्यावर टाकलं की रात्री रानडुकरं येतात, गावातली कुत्री येतात. कुत्र्यांच्या मागे बिबट येतो. पाहुणे चार दिवसांनी घरी जातात, बिबट राहतो, आणि त्याच्या वाटेवर आमची घरं, आमची लहान पोट्टी असतात. ज्या ठिकाणी झाकणाचा पक्का खड्डा आहे, खत होतं आणि प्लास्टिक गाडीने चंद्रपूरला परत जातं, ते ठिकाण माझ्या लेखी चांगलं.

दुसरं, मोहाचं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात बाया मोहफुलं वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. हे काम वाकून, बसून करायचं असतं. बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. आमच्या जिल्ह्यात या दिवसांत माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यांतली काही नावं आमच्या नात्यातली असतात. ज्या घरात रिसॉर्टचा किंवा गाईडचा नियमित पगार येतो, त्या घरातली बाई उजाडायची वाट पाहू शकते, चार जणींसोबत जाऊ शकते, नाहीतर एखादा दिवस जाऊच नये असंही ठरवू शकते. घरात गॅस आला की सरपणाच्या खेपा कमी होतात. म्हणून पाहुण्यांनी विचारावं, 'इथे काम करणारे कुठले?' सगळे बाहेरचे असतील तर वाघ आमच्या शेजारी आणि कमाई दुसरीकडे, असं होतं.

आणि एक विनंती. जिप्सीत बसल्यावर 'अजून जवळ घ्या' म्हणू नका. ड्रायव्हरला नियम माहीत असतात. पण टीप जाईल, तक्रार होईल, याची त्याला भीती असते. वाघीण बछडे घेऊन रस्ता ओलांडते तेव्हा दोन्हीकडून गाड्यांनी वाट अडवली की ती बछड्यांना मागे झुडपात ठेवून एकटी पुढे येते, मग परत वळते. मी हे पाहिलं आहे. एका लॉजचे मॅनेजर आदल्या संध्याकाळीच सगळ्या पाहुण्यांना सांगतात, 'उद्या ड्रायव्हर जिथे थांबेल तिथेच थांबायचं.' त्यांच्या पाहुण्यांसोबत काम करताना आम्हाला सुख असतं.

मुंबईहून

दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. एक विचारते. आमचं बुकिंग रविवार ते बुधवार आहे, मुलं सोबत आहेत. मंगळवारी कोअर बंद असतं हे नंतर कळलं. त्या दिवशी काय करावं?

नागपूरहून

माझा अनुभव कडू आहे. बफरला लागून असलेल्या एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) लग्नाचा कार्यक्रम होता. संकेतस्थळावर 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे, आणि प्रत्यक्षात लॉनवर पांढरे फ्लडलाइट, रात्री उशिरापर्यंत स्पीकर. त्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावातल्या बायका हंडे घेऊन हातपंपावर रांगेत आणि इकडे तलावाएवढा पोहण्याचा हौद भरलेला. मी व्यवस्थापकांशी बोललो, परतल्यावर लेखी तक्रारही केली. पुढे काय झालं ते कळलं नाही. पण आता बुकिंगआधी फोनवर मी विचारतोच : तुमच्याकडे लग्नं होतात का, रात्री दिवे किती वाजता मालवता, हौद आहे का. खरोखर काळजी घेणारे लोक या प्रश्नांनी खूश होतात, भरभरून बोलतात. बाकीचे घाईने फोन ठेवतात.

एक वास्तुविशारद, नाशिक

पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहिते, कारण अशा एका प्रकल्पावर मी काम केलं आहे.

सांडपाण्याचा प्रश्न बिनविजेचा सुटू शकतो. स्वयंपाकघराचं पाणी आधी तेल-तूप अडवणाऱ्या टाकीतून जातं. मग संडास-न्हाणीच्या पाण्यासह आडव्या भिंती घातलेल्या सेप्टिक टाकीत. तिथून खडीच्या उथळ वाफ्यात, ज्यात कर्दळ लावलेली असते. खडीवरचे आणि मुळांभोवतीचे जीवाणू घाण खातात आणि शेवटी झाडांना घालण्याजोगं पाणी मिळतं. ते लॉनला घालू नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात लॉन म्हणजे पाण्याची निव्वळ नासाडी. आम्ही ते मोह, ऐन, बेहडा, अर्जुन अशा तिथल्याच झाडांना दिलं. टाकीतला गाळ वेळेवर काढला नाही तर सगळं तुंबतं, म्हणून मुक्कामाला गेलात तर कर्दळीच्या वाफ्यापाशी उभे राहून वास घेऊन पाहा. वास येत नसेल तर कोणीतरी रोज लक्ष देतंय.

बांबूचंही तसंच. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला बांबू घ्यावा. तेव्हा त्यात साखर-पिष्ट कमी असतं, कीड कमी लागते. मग बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवायचा. हे न केलेल्या बांबूखाली वर्षभरात पिवळसर भुकटीची रांगोळी दिसायला लागते. जोतं दगडी आणि उंच हवं, छताच्या वळचणी लांब हव्यात. माती आणि बांबूला पाणी लागलं नाही तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या जुन्या घरांनी दाखवून दिलं आहे. गाडीभर सिमेंट ओतून वरून बांबू चिकटवलेल्या 'इको कॉटेज' मी पुष्कळ पाहिल्या आहेत, त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. कारागीर शेजारच्या गावात असतात.

औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर)

पावसाळ्यात जा! कोअर जुलै ते सप्टेंबर बंद असतं, बफरच्या फेऱ्याही पावसापाण्यावर अवलंबून. पण आम्ही ऑगस्टमध्ये राहिलो, भाडं निम्म्याच्या आसपास. धानाची रोवणी चालू होती, गुडघाभर चिखलात बाया गाणी म्हणत होत्या. मोर, बेडूक, लाल मखमली किडे, ऐनाच्या खोडावर शेवाळ. वाघ नाही, सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, तेवढा ऐकला. पाहुणे नसताना माणसांना घरी न पाठवणारं ते ठिकाण होतं. रोपवाटिका, डागडुजी अशी कामं देऊन सगळ्यांना पगार चालू ठेवला होता. मालकांशी याबद्दल बोललो तेव्हा त्यांनी साधं उत्तर दिलं : ऑक्टोबरात हीच माणसं लागतात.

अमरावतीहून

दिव्यांबद्दल लहानसं. पेंचचं सिल्लारी. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली, हे वाचून गेलो. आम्ही उतरलो तिथे वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली तोंड केलेले पिवळे दिवे होते, तेही जेवणानंतर बंद. खोलीत एकेक टॉर्च. पांढऱ्या दिव्याभोवती जमतात तशी किड्यांची झुंबड नव्हती. रातवा पक्ष्याचं 'चक चक चक' ऐकू येत होतं. लेकीने आकाशगंगा पहिल्यांदा पाहिली, मान दुखेपर्यंत.

मोहर्ली भागातला एक गाईड

मुंबईच्या ताई, मंगळवारची काळजी करू नका. कोअर बंद असलं तरी बफरचे काही दरवाजे चालू असू शकतात, ते वनविभागाच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्या. मुलं असतील तर आगरझरीचं फुलपाखरू उद्यान दाखवा. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, नाशिकच्या ताईंनी लिहिलेलं काम तिथे पाहता येईल. चंद्रपुरात गोंड राजांचा परकोट आहे, महाकालीचं देऊळ आहे. ऊन वाढायच्या आत परत फिरा.

आणि बुधवारी सकाळी कोअरमध्ये जाताना मोबाइल खोलीतच ठेवा, आत नेता येत नाही. ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही. थंडीचे दिवस असतील तर मुलांना कानटोपी नक्की घाला, उघड्या जिप्सीत पहाटे फार गारठा लागतो.