धूमकेतूत काय आहे हे नुसत्या उजेडावरून कसं कळतं?

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. ३आय/अ‍ॅटलसबद्दल, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडून आलेल्या त्या धूमकेतूबद्दल वाचतेय, त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर, निकेल पण सापडलं वगैरे. पण धूमकेतू काय स्वतः पेटलेला नसतो, सूर्याचाच उजेड त्याच्यावरून परत येतो ना? मग वर्णपटातल्या (उजेड रंगारंगांत पसरवून मिळणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषा सूर्याच्या नाहीत, त्याच्याच आहेत हे कसं ठरवतात? आणि मधे आपली हवा आहेच. लेक नववीत आहे, तिने विचारलं आणि मला नीट सांगता येईना.

ध्रुवबाळ: ताई, लेकीने बरोबर दुखरी जागा पकडलीय. उजेड दोन प्रकारचा येतो, एक धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश, त्यात सूर्याच्या काळ्या रेषा जशाच्या तशा असतात, आणि दुसरा गॅसचा, म्हणजे रेणू सूर्याचा उजेड शोषतात आणि आपल्या ठरलेल्या तरंगलांबीलाच परत सोडतात. मग सूर्यासारख्याच एखाद्या ताऱ्याचा वर्णपट घेऊन तो यातून वजा करतात, उरलं ते गॅसचं. सायनोजेनचा, म्हणजे कार्बन-नायट्रोजनच्या रेणूचा उंचवटा ३८८ नॅनोमीटरला येतो, लाल बाजूला कड्यासारखा तुटलेला, जांभळ्या बाजूला उतरता, एकदा बघितला की विसरत नाही. २०१९ मधे बोरिसोव्ह धूमकेतूत ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीला हाच दिसला, दुसऱ्या ताऱ्याकडून आलेल्या वस्तूचा गॅस पहिल्यांदाच सापडला तो हा!

कातळशिल्प: हवेचं राहिलं. कार्बन डायऑक्साइडची खूण ४.३ मायक्रॉनला, पण आपल्या हवेतला तोच वायू तिथला उजेड अडवतो, त्यामुळे जमिनीवरून ते जमतच नाही. म्हणून अवकाशातली जेम्स वेब दुर्बीण. तिच्या ६ ऑगस्ट २०२५ च्या निरीक्षणात ३आय/अ‍ॅटलसमधे पाण्याच्या साधारण ८ पट कार्बन डायऑक्साइड निघाला.

ध्रुवबाळ: हो, पण ८ पट हे भोवतीच्या गॅसमधलं प्रमाण आहे, आतल्या बर्फाचं नाही, लोक इथेच गल्लत करतात. तेव्हा तो सूर्यापासून पृथ्वीच्या ३.३ पट लांब होता, तिथे पाण्याचा बर्फ धड उडत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र सहज उडतो. तरी तेवढ्या अंतरावरच्या आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंपेक्षा हे प्रमाण खूपच जास्त आहे, ते खरंच विलक्षण आहे.

सह्यकडा: आपल्याकडे माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीतून बोरिसोव्हचे फोटो आणि लडाखमधल्या हान्लेच्या २ मीटर दुर्बिणीतून वर्णपट घेतलेत. ताई, लेकीला घरीच दाखवा. अंधार करून गॅस बारीक ठेवा आणि निळ्या ज्योतीचा उजेड जुन्या सीडीवर तिरका बघा. ५१६ नॅनोमीटरचा हिरवा पट्टा दिसेल तो दोन कार्बन अणूंच्या रेणूचा, धूमकेतूंचा हिरवा रंग त्याचाच. बोरिसोव्हमधे सुरुवातीला हाच फार कमी होता.

गोदाकाठ: आत्ताच बघितलं!! सलग इंद्रधनुष्य नाहीच, तुटक हिरवे-निळे पट्टे. लेक सीडी सोडायला तयार नाही. मघाशी आमटी उतू गेली होती, त्यामुळे मधेच पिवळं पण चमकत होतं, ते मिठाचं का?

सह्यकडा: हो, मिठातलं सोडियम. ५८९ ला.