शब्दचर्चा: गाडीच्या डब्यातला कोळशाचा 'स्टोव्ह'. शेगडी म्हणू, बंब म्हणू की काय म्हणू?

सेंदाईकर
मंडळी, एका शब्दावर अडकलेय, मदत करा. फेब्रुवारीत आम्ही दोघं उत्तर जपानातल्या आओमोरीकडे जाऊन त्सुगारू रेल्वेच्या 'सुतोबू रेश्शा'त बसून आलो. रेश्शा म्हणजे आगगाडी, सुतोबू म्हणजे स्टोव्ह. त्सुगारू-गोशोगावारा ते त्सुगारू-नाकासातो अशी 20.7 किलोमीटरची एवढीशी लाइन, 12 स्टेशनं, 1930 ची. दरवर्षी 1 डिसेंबर ते 31 मार्च जुने डबे जोडून ही गाडी चालवतात आणि डब्यात खरोखरचा कोळशाचा स्टोव्ह पेटलेला असतो, गोल पोटाचा, बिडाचा, वर पाइप थेट छपरातून बाहेर. कंडक्टर येतो, आकड्याने झाकण उचलतो, फावड्याने कोळसा टाकतो, झाकण खणकन बंद. तोंड भाजून निघतं आणि पाठ गारठलेली. बाहेर भातशेतं असणार पण दिसतं फक्त पांढरं.

यावर इथल्या मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिला. मी लिहिलं होतं 'शेगडीची गाडी'. संपादकांनी बदलून 'स्टोव्ह गाडी' केलं, म्हणाले मूळ नावच ते आहे. ठीक आहे म्हटलं. लेख आत्याला पाठवला तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, गाडीत रॉकेलचा स्टोव्ह पेटवू देतात?" म्हणजे सगळा लेख तिने पंप मारायचा पितळी स्टोव्ह डोळ्यासमोर ठेवून वाचला! आता अंक छापायला जायच्या आत मला बरोबर शब्द हवाय.

पिंपळपान
आत्याबाईंचं काही चुकलं नाही. मराठीत स्टोव्ह म्हणजे काकडा लावा, पंप मारा, पिन मारा आणि मग भर्रर्र. आमच्या घरात 1990 पर्यंत होता आणि अजून तो आवाज आठवला की चहाचा वास येतो. शब्द इंग्रजी असला म्हणून अर्थही इंग्रजीच राहतो असं नाही, आपल्याकडे तो पन्नास-साठ वर्षं घरात राहिला आणि आपलाच अर्थ घेऊन बसला. संपादकांना सांगा शेगडीच ठेवा.

सेंदाईकर
जपानीतही नेमकं हेच झालंय, फक्त उलट बाजूने. इथे सुतोबू म्हणजे खोली गरम करायचा. स्वयंपाकाचा तो कोन्रो. शब्द एकच, जपान्यांनी ऊब ठेवून घेतली आणि आपण स्वयंपाक.

वर्‍हाडी ठेचा
पण ताई, मी पंचवीस वर्षांचा आहे, मला शेगडी म्हटलं की दोन बर्नरची गॅसची शेगडीच दिसते. "नवीन शेगडी घ्यायची आहे, काचेची घेऊ की स्टीलची" हेच घरी ऐकलंय. माझ्या पिढीला वाटेल गाडीत सिलिंडर ठेवलाय. आत्याला रॉकेल दिसलं, मला गॅस दिसेल, कोळसा कोणालाच दिसणार नाही.

बार्शी लाइट
कोळशाची शेगडी न पाहिलेली माणसं मोठी झाली हे मान्य करावं लागेल. पण माझा आक्षेप वेगळा आहे. शेगडी उघडी असते, वर जाळी, खाली राखेचं भोक, आणि ती उचलून अंगणात नेता येते. तुम्ही सांगताय ती वस्तू बंद आहे, तिला झाकण आहे, दार आहे, धुराडं आहे आणि ती जमिनीला ठोकलेली आहे. ही शेगडी नव्हे. आपल्याकडची सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे पाणी तापवायचा बंब. गोल पोट, मध्ये नळी, नळीत निखारे, वरून धूर. फक्त पाणी काढून टाका.

पिंपळपान
पाणी काढून टाकल्यावर बंब राहतो का? बंब म्हणजेच पाणी. आगीचा बंबसुद्धा पाण्याचाच. पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप, त्यावरून आला तो. उद्या वाचक म्हणेल जपानात डब्याडब्यात आगीचे बंब ठेवतात.

मायमराठी
स्टोव्ह इंग्रजी, बंब पोर्तुगीज. आपल्या भाषेत विस्तवाला शब्द नाहीत का? आगटी आहे, शेकोटी आहे, भट्टी आहे. 'शेकोटीची गाडी' किती गोड वाटतं कानाला. गाडीत माणसं त्याच्याभोवती शेकतच बसतात ना?

बार्शी लाइट
शेकोटी उघड्यावर पेटवतात. डब्यात शेकोटी म्हणजे डब्याला आग लागली.

जुनी पोथी
जरा थांबा, शेगडीला इतक्या लवकर बाहेर काढू नका. अनेकांना वाटतं शेकणे वरून शेकडी आणि शेकडीची शेगडी. ऐकायला पटतं, पण मला ते पटत नाही. संस्कृत कोशात 'अंगारशकटी' शब्द आहे, अर्थ चाकं असलेली, हलवता येणारी शेगडी. अंगार म्हणजे निखारे, शकटी म्हणजे छोटी गाडी. प्राकृतात क चा ग आणि ट चा ड होतो, शकटीची सगडी होते, तिथून शेगडी. गुजरातीत अजून सगडीच म्हणतात. शकट म्हणजे गाडा हे शकटासुराच्या गोष्टीमुळे सगळ्यांना माहीत असतंच. म्हणजे शेगडी या शब्दाच्या पोटात आधीपासून गाडी आहे! निखाऱ्यांची गाडी. सेंदाईकरताई ज्या डब्यात बसल्या त्याला यापेक्षा नेमकं नाव मराठीत मिळणार नाही. 'शेगडीची गाडी' असंही म्हणायची गरज नाही, नुसती शेगडी म्हटलं तरी पुरे.

सेंदाईकर
हे वाचून मी उठून नवऱ्याला सांगायला गेले. आणि पोथीकाका, तुम्हाला आणखी एक देते. त्या स्टोव्हला इथे 'दारुमा स्टोव्ह' म्हणतात, दारुमा बाहुलीसारखा गोलमटोल म्हणून. हातपाय नसलेली लाल बाहुली, पाडली तरी उठून बसते ती. आणि दारुमा म्हणजे बोधिधर्म, 'धर्म' चा जपानी उच्चार. म्हणजे वस्तूच्या नावात धर्म आणि मराठी नावात शकटी, दोन्ही टोकं आपल्याच घरची निघाली.

बार्शी लाइट
व्युत्पत्ती सुंदर आहे, वाद नाही. पण वाचक कोश उघडून लेख वाचत नाही. शब्द आज काय दाखवतो ते बघायचं. आणि गाडीच म्हणायची तर 'आगगाडी' शब्दाकडे कोणीच का बघत नाहीये? आगगाडीतली आग इंजिनात होती, इंजिन डिझेलचं झालं, विजेचं झालं, आग गेली आणि शब्द राहिला. त्सुगारूतही पुढे डिझेलच आहे असं वाचलंय. म्हणजे इंजिनात आग नाही, डब्यात आहे. आज आगगाडी हे नाव शोभून दिसेल अशी हीच.

एक विचारतो, तिथे अजून हाताचे सिग्नल, म्हणजे खांबावर हलणारी पट्टी असते ते, आहेत ना? माझे वडील कुर्डुवाडी-पंढरपूरकडे नॅरोगेजवर स्टेशनवर होते. आम्ही 'सिग्नल पडला' म्हणायचो, म्हणजे हात खाली आला, गाडी येणार. मुंबईच्या चुलत भावाला वाटायचं सिग्नल मोडून पडला. आणि ड्रायव्हरला गोळा द्यायचे, वेताच्या रिंगणात चामडी पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. तो गोळा हातात असल्याशिवाय पुढच्या लाइनीत गाडी घालायचीच नाही. वडील धावत्या गाडीला रिंगण द्यायचे तेव्हा मी फलाटावर श्वास धरून उभा असायचो.

सेंदाईकर
आहेत! कानागी स्टेशनला हाताचा सिग्नल मी स्वतः पाहिला, हातावर बर्फ साचलेला. आणि तिथे गाडी थांबली की ड्रायव्हर आणि स्टेशनवाला मोठं रिंगण अदलाबदल करतात, मी फोटो काढला पण ते काय आहे ते कळलं नव्हतं. त्यांच्या रिंगणातल्या पिशवीत धातूची चकती असते, टॅब्लेट म्हणतात. तुमचा गोळा, त्यांची चकती. काका, तुमच्यामुळे माझ्या फोटोला आज नाव मिळालं.

मायमराठी
विषय भरकटतोय. ताईंच्या लेखाचं शीर्षक काय आहे? मी अंदाज करतो, 'हंगामी गाडी' असा काहीतरी शब्द असणार. तो फारसी आहे. ऋतुगाडी म्हणा.

सेंदाईकर
हो, उपशीर्षकात 'हंगामी नॉस्टॅल्जिक गाडी' आहे, तेही मला खटकतंच.

वर्‍हाडी ठेचा
हंगामी मलाही खटकतं पण फारसी आहे म्हणून नाही. माझी बहीण कॉलेजात हंगामी प्राध्यापक आहे, म्हणजे कधीही काढतील अशी. हंगामी म्हटलं की मला तिचा चेहरा दिसतो. ही गाडी तर नव्वद वर्षांहून जास्त दर हिवाळ्यात येतेय, ती कसली हंगामी? हिवाळी म्हणा सरळ. आपली रेल्वे 'उन्हाळी विशेष गाडी' म्हणतेच की.

पिंपळपान
शेतकऱ्याचा हंगाम दरवर्षी येतो, तोच खरा अर्थ. नोकरीवाल्यांनी तो बिघडवला. ऋतुगाडी मात्र नको, त्यात बसावंसं वाटत नाही.

सेंदाईकर
त्या लाइनीवर उन्हाळ्यात डब्यात फुरिन टांगतात, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटा, आणि शरदात सुझुमुशी किड्यांचे पिंजरे ठेवतात, त्यांची गाणी ऐकत जायचं. सुझु म्हणजे घंटा, मुशी म्हणजे किडा. आपण रातकिडे किरकिरतात म्हणतो, इथे घंटा वाजते. म्हणून तिन्ही गाड्यांना मिळून एक शब्द हवा होता, नुसतं हिवाळी पुरत नाही.

आणि नॉस्टॅल्जिक. डब्यात समोर एक आजी होत्या, त्यांची त्सुगारूची बोली नवऱ्यालाही नीट कळत नव्हती, पण "नात्सुकाशी", म्हणजे जुन्या आठवणींनी जीव भरून येणं, एवढं कळलं. स्टोव्हवर जाळी ठेवून सुकवलेला स्क्विड भाजत होते, सुरुमे म्हणतात त्याला, तो वास आल्याबरोबर म्हणाल्या. मी 'स्मरणरंजन' लिहून पाहिलं आणि खोडलं. आजी रंजन करून घेत नव्हत्या हो, त्यांचे डोळे भरले होते.

जुनी पोथी
नात्सुकाशीचं मूळ काय आहे?

सेंदाईकर
नात्सुकु, म्हणजे लहान मूल किंवा पाळलेलं जनावर माणसाला चिकटतं ते. लळा लागणं.

जुनी पोथी
मग झालं की! लळा. 'लळ्याची गाडी'. स्मरणरंजन हा समीक्षेतला शब्द आहे, तो आजींच्या तोंडी घालू नका.

बार्शी लाइट
लळा समोर असलेल्याचा लागतो, गेलेल्याचा नाही.

पिंपळपान
गेलेल्याचाच जास्त असतो. माझ्या आईला गावच्या घराचा होता, घर विकल्यावर वीस वर्षं.

मालवणी मसाला
मी नुसता वाचत होतो, पण सुकवलेला स्क्विड म्हटल्यावर राहवेना. स्क्विड कशाला म्हणता, म्हाकूल म्हणा ना. गोव्यात माणकी म्हणतील. आमच्याकडे पावसात निखाऱ्यावर सुके बोंबील भाजतात, तो वास चार घरं पलीकडे जातो आणि शेजारची पोरं विचारत येतात. ताईंनी लेखात 'वाळवलेला समुद्री जीव' असलं काही लिहिलं नाही ना?

सेंदाईकर
'सुका स्क्विड' लिहिलंय. वास अगदी तोच होता, आमच्या वसईच्या मावशीकडे बोंबील भाजायची तसा. दोन-तीन बायका गाडीत तेच काम करतात, हातमोजा घालून जाळीवर दाबून धरायचा, कडा वर वळायला लागल्या की उलटा, आणि मग गरम गरम हातानेच फाडून पिशवीत. लोक त्याबरोबर साके घेतात. बोटांना वास दुसऱ्या दिवशीपर्यंत होता.

मायमराठी
म्हाकूल पुण्यात कोणाला कळणार? प्रमाण मराठीत शब्द द्या.

मालवणी मसाला
प्रमाण मराठीने म्हाकूल खाल्लीच नाही तर तिच्याकडे शब्द कुठून येणार? ज्यांनी खाल्ली त्यांच्याकडून घ्यावा. कळला नाही तर विचारतील, तसा शिकतो माणूस शब्द.

वर्‍हाडी ठेचा
मला नव्हता माहीत, आता कळला. आणि शेगडीचंही तेच आहे की मग. मी आधी नको म्हटलं होतं, पण ताईंनी पहिल्याच वाक्यात 'कोळशाची शेगडी' लिहिलं तर मला गॅस दिसणार नाही.

बार्शी लाइट
कोळशाचा बंब लिहिलं तरी गॅस दिसणार नाही. धुराडं असलेली शेगडी मी अजून पाहिलेली नाही.

मालवणी मसाला
ताई, एक सांगा, ती म्हाकूल पायांसकट असते की नुसतं अंग? आमच्याकडे पाय वेगळे काढतात, त्याची चव वेगळी.

सेंदाईकर
पायांसकट होती. पाय आधी कुरकुरीत झाले, ते समोरच्या आजींनी मला दिले.